गिटार बदलण्यापूर्वी स्क्रू फिरवून पाहा

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बिघडला की दोष बहुतेकदा पिकअपच्या किमतीला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा तार आणि पिकअप यांच्यातील दीड-दोन मिलिमीटरच्या अंतरात असते.

मे महिन्यात सुरेल वाजणारी इलेक्ट्रिक गिटार जुलै उजाडता उजाडता कुरकुरू लागते. तारा पडद्यांना घासून झणझणतात, वरच्या पडद्यांवर नीट जुळवलेला सूरही बेसूर लागतो आणि एका पिकअपवरून दुसऱ्यावर जाताच आवाज एकदम दबतो किंवा अंगावर येतो. लग्नाच्या हॉलमध्ये वाजवणारा बँड असो, तियात्राला साथ करणारे वादक असोत की महाविद्यालयाच्या संमेलनासाठी तयारी करणारी मुले असोत, गोव्यात हा अनुभव कोणाला नवा नाही. त्यातून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो: गिटार स्वस्तातली आहे, पिकअप बदलायला हवेत. मग आईवडिलांनी काटकसर करून घेतलेल्या वाद्यावर आणखी काही हजार रुपये खर्च होतात. कधी याहून वाईट घडते. बोटे दुखतात, सूर लागत नाही, तेव्हा शिकणारे मूल दोष स्वतःच्या हाताला देते आणि गिटार कपाटावर जाऊन पडते.

वास्तविक नवा पिकअप किंवा नवी गिटार घेण्याआधी एक बिनखर्चाची पायरी असते. वाद्याची जुळणी, म्हणजेच वादकांच्या भाषेतील ‘सेटअप’, तपासणे आणि शेवटी पिकअपची उंची ठरवणे. त्यासाठी लागतात एक स्क्रू ड्रायव्हर, एक-दोन ॲलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी आणि तासाभराची सवड.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. मैफल सुरू होण्यापूर्वी तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली ठेवलेले सूत कणाकणाने पुढेमागे सरकवून गायक जवारी खुलवतात. मिरजेच्या कारागिराने जवारी कितीही उत्तम काढून दिलेली असली, तरी ते सूत त्या दिवशी, त्या हवेत, त्या स्वरासाठी पुन्हा लावावेच लागते. त्यासाठी तानपुरा कोणी मिरजेला परत पाठवत नाही. गिटारच्या बाबतीत मात्र पेटीतून निघालेले वाद्य म्हणजे पूर्ण झालेले वाद्य, असा समज रूढ आहे. त्यावरील स्क्रू वादकासाठीच ठेवलेले असतात, हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

पिकअप नेमके काय पकडतो?

पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. मायक्रोफोन हवेतील कंपने टिपतो. पिकअपला हवेशी देणेघेणे नसते. लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची मूळ रचना. चुंबकामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकीय होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र त्याच लयीत बदलते आणि वेटोळ्यात अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेले आणि शाळेच्या पुस्तकात भेटणारे विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा क्षीण विद्युतसंदेश पुढे ॲम्प्लिफायर मोठा करतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर असा पिकअप मुका राहतो.

अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी याच तत्त्वावर गिटार बाजारात आणली. तिच्या गोल, चपट्या आकारामुळे लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव दिले. त्या पिकअपमध्ये नालाच्या आकाराचे चुंबक तारांवरून कमानीसारखे वळलेले होते. 1954 मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर तीन पिकअप बसवलेले होते आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू होता. त्याच सुमारास गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून बाहेरची गुणगुण खोडून काढणारा ‘हंबकर’ तयार केला. आज बाजारात दिसणारे बहुतेक पिकअप या दोन घराण्यांपैकी एकातले असतात: एका वेटोळ्याचे सिंगल कॉइल आणि दोन वेटोळ्यांचे हंबकर. उंचीचा प्रश्न दोघांनाही आहे. त्याचे परिणाम मात्र वेगळे आहेत.

जवळ आणले की आवाज वाढतो, पण...

पिकअप तारेच्या जितका जवळ, तितका विद्युतसंदेश मोठा. चुंबकीय क्षेत्र अंतरासोबत झपाट्याने क्षीण होत असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कानाला जाणवतो. त्यामुळे आवाज कमी वाटला की पिकअप वर घेण्याचा मोह होतो, आणि अनेक गिटारींवर तो तारेला जवळजवळ टेकलेला दिसतो.

येथे चुंबकाची दुसरी बाजू समोर येते. तो तारेचे कंपन टिपतो, तसा तारेला स्वतःकडे ओढतोही. तार केवळ वरखाली हलत नाही. ती आडवीही हलते. खालून होणारी ओढ वरखाली होणाऱ्या कंपनाला किंचित संथ करते, आडव्या कंपनाला तेवढे करत नाही. परिणामी एकाच तारेतून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन सूर निघतात आणि त्यांच्या भांडणातून डळमळता, लाटांसारखा स्वर उमटतो. ट्यूनरचा काटा अशा वेळी एका जागी ठरत नाही. त्यातच सुराची लांबीही घटते. तार छेडताक्षणी आवाज दणकन येतो आणि लगेच विझतो.

हा दोष जाड तारांवर आणि वरच्या पडद्यांवर सर्वाधिक जाणवतो. सिंगल कॉइल पिकअपमध्ये बहुधा प्रत्येक तारेखाली चुंबकाचीच कांडी उभी असते, म्हणून तेथे ओढ तीव्र असते. स्ट्रॅटोकास्टरवर तो इतक्यांनी अनुभवला की वादकांनी आजाराच्या नावासारखे ‘स्ट्रॅटायटिस’ असे नाव त्याला गमतीने दिले. नेहमीच्या हंबकरमध्ये चुंबक तळाशी आडवा असतो आणि तारेखाली केवळ लोखंडी खुंट्या व स्क्रू येतात. तेथे ओढ सौम्य असल्याने तो तारेच्या अधिक जवळ नेता येतो. तरीही फार जवळ नेल्यास आवाज घट्ट आणि चिखलासारखा गढूळ होतो. जीवामधील सूर वेगवेगळे ऐकू येत नाहीत.

उलट पिकअप फार खाली गेला तर स्वर मोकळा, स्वच्छ, पण दुबळा होतो. ॲम्प्लिफायर चढवावा लागतो आणि त्यासोबत सगळी खरखरही चढते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे, हेच काम आहे.

पिकअपचा क्रमांक शेवटचा

पिकअपची उंची मोजायची ती तारेपासून. तार स्वतःच योग्य जागी नसेल तर ते मोजमाप व्यर्थ ठरते. म्हणून जुळणीला एक क्रम आहे आणि तो मोडू नये.

आरंभ मात्र पिकअपपासूनच करावा: सगळे पिकअप दोन-तीन फेरे खाली उतरवून ठेवावेत. चुंबकाची ओढ तारेवर असताना सूर तपासला तर आकडे फसवे येतात. त्यानंतर नव्या तारा चढवून, त्या ताणून, नेहमीच्या स्वरांत जुळवाव्यात. तारांची जाडी बदलली की ताण बदलतो आणि पुढची सगळी मापे हलतात. म्हणून 9 क्रमांकाचा संच वापरायचा की 10 क्रमांकाचा, हे आधी ठरवावे. (हे आकडे सर्वांत बारीक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात.)

दुसरी पायरी नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची. सहा तारांच्या ताणामुळे ती पुढे वाकू पाहते. तिच्या पोटातील पोलादी ट्रस रॉड त्याला उलट ताण देतो. मान अगदी सरळ नसावी, तिला पुसटसा बाक हवा, कारण कंप पावणाऱ्या तारेला मध्यभागी अधिक जागा लागते. पहिल्या पडद्यावर तार दाबून धरावी, मान जेथे धडाला मिळते तेथील पडद्यावरही दाबावी आणि आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांतील फट पाहावी. बहुसंख्य आधुनिक गिटारींसाठी सुमारे 0.25 मिलिमीटरची फट योग्य समजली जाते. साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. अचूक मोजायचे तर मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेटसाठी वापरतात तो फीलर गेज चालतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉडची नटबोल्ट घड्याळाच्या दिशेने घट्ट करावी, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही. मग पुन्हा तारा जुळवून मोजणी. चावी मापाची असावी, आणि रॉड अडतो आहे असे वाटले तर तेथेच थांबावे. तुटलेला ट्रस रॉड ही गिटारच्या सर्वांत महागड्या दुरुस्त्यांपैकी एक आहे.

तिसरी पायरी तारांच्या उंचीची. तिला ‘ॲक्शन’ म्हणतात. ब्रिजवर प्रत्येक तार ज्या छोट्या तुकड्यावर टेकते, त्या सॅडलचे स्क्रू फिरवून ती ठरते. ब्रिज एकसंध असेल तर त्याच्या दोन टोकांचे स्क्रू फिरवावे लागतात. फेंडरच्या मार्गदर्शिकेत सतराव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांत सुमारे 1.6 मिलिमीटर अंतर सुचवलेले आहे. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला याहून कमी चालते. जोरकस फटका मारणाऱ्याला थोडे जास्त लागते. शिकाऊ मुलाची बोटे सोलवटण्यामागे सरावाची कमतरता नसून हीच उंची असते, असे अनेकदा आढळते. मात्र पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच तार दाबणे जड जात असेल आणि तेथे सूर चढा लागत असेल, तर दोष डोक्याकडील नटच्या खाचांचा असतो. त्या खाचा कानशीने खोल करणे हे कारागिराचे काम आहे. एकदा जास्त घासलेली खाच भरून येत नाही.

चौथी पायरी इंटोनेशनची. बारावा पडदा तारेच्या निम्म्या लांबीवर असतो, म्हणून तेथे दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात बोलली पाहिजे. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून येणारा हार्मॉनिक आणि तेथेच दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नटपासून दूर न्यावे; उतरलेला असेल तर पुढे आणावे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा जुळवावी. तारा गंजलेल्या असतील तर हा हिशेब कधीच जमत नाही, कारण तारेची जाडी तिच्या लांबीभर सारखी उरलेली नसते.

मोजमाप: आरंभ आकड्याने, शेवट कानाने

आता पिकअप. सर्वांत बाहेरची जाड तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खुंटीच्या माथ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. नंतर हेच बारीक तारेच्या बाजूला करावे. तार दाबूनच मोजायची, कारण वरच्या पडद्यांवर वाजवताना ती पिकअपच्या सर्वांत जवळ येते.

आरंभासाठी पुढील मापे उपयोगी पडतात.

फेंडरच्या नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपसाठी: जाड तारेच्या बाजूला 2 मिलिमीटर, बारीक तारेच्या बाजूला 1.6 मिलिमीटर.

जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलसाठी: जाड बाजूला 2.4, बारीक बाजूला 2 मिलिमीटर.

हंबकरसाठी: फेंडरच्या मते दोन्ही बाजूंना 1.6 मिलिमीटर. गिब्सनच्या गिटारींवर मानेकडील हंबकरसाठी 2.4 आणि ब्रिजकडील हंबकरसाठी 1.6 मिलिमीटर हे माप रूढ आहे.

या आकड्यांमागे दोन कारणे दडलेली आहेत. जाड तारेत पोलाद जास्त असते, तिचा संदेश मोठा असतो आणि चुंबक तिला अधिक ओढतो; म्हणून सिंगल कॉइल त्या बाजूला थोडा खाली कललेला ठेवतात. दुसरे कारण जागेचे. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, मानेकडे ती मोकळेपणी झोके घेते. दोन्ही पिकअप समान अंतरावर ठेवले तर मानेकडचा नेहमीच मोठा ऐकू येईल. म्हणून मानेकडचा खाली आणि ब्रिजकडचा वर, अशी उतरंड लागते.

पिकअप प्लास्टिकच्या पट्टीला किंवा चौकटीला टांगलेला असेल, तर स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो वर येतो. थेट लाकडात बसवलेला असेल तर तोच फेरा त्याला खाली नेतो. जुन्या घडणीच्या टेलिकास्टरवर मानेकडच्या पिकअपचे स्क्रू पट्टीखाली लपलेले असतात. तेथे पट्टी काढल्याशिवाय काम होत नाही. स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरावा. चुंबक त्याला खेचून घेतो, आणि टोक वेटोळ्यात घुसून केसाएवढी तार तुटली तर पिकअप कायमचा मुका होतो. काम सुरू करण्याआधी मूळ माप वहीत लिहून ठेवावे आणि मोबाइलवर छायाचित्र काढावे, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते.

मापे लागली की पट्टी बाजूला ठेवून कानाकडे वळावे. ॲम्प्लिफायर स्वच्छ आवाजावर ठेवावा. विकृत, घोगऱ्या आवाजात सगळे दोष झाकले जातात. आधी मानेकडचा पिकअप ठरवावा. जाड तार बाराव्या पडद्याच्या वर दाबून एकेक सूर लांबवर वाजू द्यावा. सूर डळमळला तर ती बाजू अर्धा फेरा खाली घ्यावी, पुन्हा ऐकावे. डळमळ पूर्ण गेली की जाड तारांची बाजू पक्की. मग सहाही तारा एकामागून एक समान जोराने छेडाव्यात आणि बारीक तारांचा आवाज जाड तारांना जुळेपर्यंत दुसरे टोक वरखाली करावे. त्यानंतर ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्याशी ताडून पाहावा. निवडकळ फिरवली की आवाजाचा रंग बदलावा, मोठेपणा फार बदलू नये, हीच कसोटी. मधला पिकअप असेल तर तो शेवटी, या दोघांना सांभाळून. तो फार वर असेल तर वाजवताना प्लेक्ट्रम त्याला आपटतो, हेही लक्षात घ्यावे.

मंचावर या समतोलाचे मोल घरातल्यापेक्षा जास्त असते. ध्वनिव्यवस्था पाहणारा माणूस गिटारची पातळी एकदा ठरवतो. कडवे वाजवताना मानेकडचा पिकअप आणि मधल्या सुरावटीला ब्रिजकडचा घेणाऱ्या वादकाचा सोलोच गर्दीत हरवला, तर दोष ध्वनिव्यवस्थेचा नसून त्या दोन स्क्रूंचा असू शकतो.

एकच तार मोठी का वाजते?

सगळे जुळल्यावरही एखादी तार उठून ऐकू येते, बहुधा तिसरी. यामागे इतिहास आहे. पन्नाशीच्या दशकात गिटारची तिसरी तार गुंडाळीची असे. तिचा गाभा बारीक आणि संदेश दुबळा, म्हणून स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये तिच्याखालची चुंबककांडी उंच ठेवली गेली. पुढे वादकांना तार ओढून सूर चढवणे सोपे जावे म्हणून साधी, गुंडाळी नसलेली तिसरी तार रुळली. चुंबककांड्यांची जुनी रचना मात्र अनेक पिकअपमध्ये परंपरा म्हणून टिकून राहिली. त्यामुळे आजची साधी तिसरी तार त्या उंच कांडीवर गरजेपेक्षा मोठी बोलते.

जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलमधील कांड्या दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्याभोवती थेट तार गुंडाळलेली असू शकते आणि ती तुटते. तेथे पिकअपचा एकूण कल बदलून तडजोड करावी. हंबकरच्या एका रांगेतील खुंट्या मात्र स्क्रूच्याच असतात. मोठी बोलणाऱ्या तारेखालचा स्क्रू अर्धा फेरा खाली घेतला की ती सभ्यपणे ओळीत येते.

पावसाळा, वातानुकूलन आणि खारा वारा

हे सगळे एकदा करून कायमचे सुटले असते तर बरे झाले असते. गोव्याच्या हवेत तसे होत नाही. पावसाळ्यात येथील हवेतील आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर जाते. लाकूड ओलावा घेते, फुगते. मान आणि तिच्यावरची पडद्यांची पट्टी वेगवेगळ्या लाकडांची असेल तर दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. परिणामी मान कधी पुढे, कधी मागे झुकते. ती नेमकी कोणीकडे झुकली, हे अंदाजाने न ठरवता आठव्या पडद्याजवळची फट मोजूनच ठरवावे. तारा वरखाली सरकल्या की पिकअपचे अंतरही आपोआप बदलते. जुलैमध्ये अचानक डळमळू लागलेल्या सुराचे मूळ पुष्कळदा येथे असते.

वादकाच्या दृष्टीने याहून कठीण परीक्षा एकाच रात्रीत होते. दुपारभर हॉटेलच्या वातानुकूलित दालनात असलेली गिटार संध्याकाळी किनाऱ्यावरच्या उघड्या मंचावर जाते. थंड धातूवर दव जमते, तारांचा ताण बदलतो. अशा वेळी गिटार पेटीतच ठेवून पेटी अर्धा तास मंचाजवळ राहू द्यावी, मगच तारा जुळवाव्यात. मंचावर ट्रस रॉडला हात लावण्याचा मोह आवरावा. ऐन वेळी हवेनुसार केलेली जुळणी दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटवावी लागते.

समुद्राकडून येणारा खारा वारा तारांचे आयुष्य आणखी घटवतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसाव्यात. पिकअपच्या स्क्रूंवर आणि स्प्रिंगवर गंज चढला तर ते फिरेनासे होतात. गिटार बाहेरच्या, पाणी झिरपणाऱ्या भिंतीवर टांगू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि पुन्हा दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर, सर्व मापे तपासावीत. वहीत आधीचे आकडे असतील तर हे काम अर्ध्या तासाचे.

गुणगुण आणि जिवाशी खेळ

सिंगल कॉइल पिकअप आपल्या तारांसोबत परिसरातील वीजवाहिन्याही ऐकतो. भारतात घरगुती वीज सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते; ॲम्प्लिफायरमधून येणारी संथ गुणगुण तिचीच आणि तिच्या पटींची. पिकअप थोडा वर घेतला की तारेचा संदेश वाढतो, गुणगुण मात्र तेवढीच राहते, म्हणून ती तुलनेने कमी जाणवते. पण यालाही चुंबकाच्या ओढीची मर्यादा आहेच.

गुणगुण घालवण्यासाठी काही ठिकाणी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा जोड लावतात. हा उपाय जीवघेणा आहे. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि वादकाचा हात सतत त्यांवर असतो. अर्थिंग नसलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर तीच जोडणी वीज थेट हातापर्यंत आणते. 1972 मध्ये ब्रिटनमधील स्वॉन्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच मंचावरच मृत्युमुखी पडले. चतुर्थीच्या दिवसांत ओल्या मंडपात, जनरेटरवर, पाण्यात पडलेल्या वायरींवर कार्यक्रम करणाऱ्यांनी हे विसरू नये. मंचावरच्या सर्व उपकरणांना एकच विश्वसनीय अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेणे पिकअपच्या कोणत्याही स्क्रूपेक्षा महत्त्वाचे आहे.

कोठे थांबावे

घरच्या घरी करण्याजोगी कामे ठरलेली आहेत: तारा बदलणे, मानेच्या बाकात किरकोळ फेरफार, सॅडलची उंची व जागा आणि पिकअपची उंची. पडदे झिजून तारेखाली खाचा पडल्या असतील, मान पिळवटली असेल, ट्रस रॉड फिरत नसेल किंवा पिकअप पूर्ण बंद पडला असेल, तर वाद्य जाणत्या कारागिराकडेच न्यावे. त्याच्याकडे जाताना आपण कोणत्या जाडीच्या तारा वापरतो, हात हलका आहे की जड, आणि कोणत्या पडद्यावर काय ऐकू येते, हे सांगता आले तर त्याचे काम निम्मे होते.

एवढे सगळे केल्यावरही स्वर मनासारखा लागला नाही, तर नवा पिकअप खुशाल घ्यावा. निदान तेव्हा काय हवे आहे, हे वादकाला सांगता येईल: अधिक मोठा आवाज, कमी गुणगुण की अधिक मोकळा स्वर. आणि तो नवा पिकअप बसवल्यावर पहिले काम पुन्हा तेच असेल. बाहेरची जाड तार शेवटच्या पडद्यावर दाबायची, पट्टी लावायची आणि आकडा वहीत लिहायचा.